झोपमेले

नवा गेम सुरू झाला त्या शनिवारी सकाळी मॉरिसव्हिलमधल्या सगळ्या गाड्या पिवळ्या झाल्या होत्या. मार्चअखेर इथे नॉर्थ कॅरोलायनात पाइनच्या झाडांचा पराग असा पडतो की खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर हळद लागल्यासारखं होतं. नवरा खाली पाण्याचा होज घेऊन गाडी धूत होता. मी वरच्या खोलीत, जिथे एरवी ऑफिसचं काम करते तिथे, हेडफोन लावून रांगेत बसले होते. पहिल्या दिवशी एवढे लोक येतात की गेमचा सर्व्हर थोड्याथोड्यांना आत घेतो, बाकीच्यांनी थांबायचं. स्क्रीनवर एक बंद दार होतं आणि दाराखालच्या फटीतून हलणारा उजेड.

मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि शाळेत असल्यापासून गेम खेळत आले आहे. इथल्या मराठी मंडळात त्यावरून माझी थट्टा होते. एक काकू भेटल्या की विचारतात, "अजून मारतेस का गं राक्षस?" मी हो म्हणते, त्या हसतात, आणि विषय दुसरीकडे जातो.

दार उघडलं. आत गेल्यावर आधी स्वतःचं पात्र बनवायचं होतं. कपाळ किती रुंद, नाक कसं, दोन डोळ्यांत अंतर किती, हे सगळं एकेक पट्टी सरकवून ठरवता येत होतं. मी सहज म्हणून पुरुषाचा चेहरा घेतला आणि पट्ट्या सरकवत बसले. खालून पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मी जरा मागे टेकून पाहिलं, तर स्क्रीनवर माझा भाऊ होता. भुवया मधोमध जवळजवळ जुळलेल्या, खालचा ओठ डावीकडे किंचित उतरलेला. तो डोळे मिचकावत होता, श्वास घेत होता, कारण अशा गेममध्ये सगळी पात्रं नुसती उभी असली तरी श्वास घेतात. मी माउसवरून हात काढून घेतला. मग तो चेहरा पुसला आणि तयार चेहऱ्यांपैकी पहिलीच बाई निवडून पुढे गेले.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. तो नागपूरचं घर सोडून गेला त्याला आता दहाएक वर्षं झाली. त्याच्या नोकऱ्या टिकत नव्हत्या, वडिलांशी पटत नव्हतं, पण तो गेला त्या दिवशी भांडणसुद्धा झालं नव्हतं. सकाळी चहा प्याला, कप विसळून ठेवला आणि बाहेर पडला. दोन दिवसांनी आईला फोन केला, "मी ठीक आहे, शोधू नका," आणि मग तो नंबर कायमचा बंद झाला. पोलिसांनी सांगितलं, सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या मर्जीने गेला आहे, आम्ही काय करणार. मी तेव्हा न्यू जर्सीत, पार्सिपनीला होते. पुढे तीनचार वर्षांनी वडील गेले. तो कुठेतरी वाचेल म्हणून आम्ही पेपरात फोटो देऊन बातमी छापली, पेपरच्या वेबसाइटवरही टाकली. तो आला नाही. चुलतभावाने अग्नी दिला.

मेलेल्या माणसाची आठवण एका जागी बसते. गेलेल्या माणसाची बसत नाही. ती कुठूनही येते.

गेमची सुरुवात गुडघाभर पाण्यात होत होती. सगळीकडे धुकं, मधून मधून वर आलेली घरांची छपरं, आणि दूर कुठेतरी कोणीतरी लाकडावर हातोडा मारत असल्याचा आवाज. त्या आवाजाकडे चालत गेलं की तो थांबायचा. नकाशा नव्हता. हातात एक कंदील, त्यात थोडंसं तेल. एरवी अशा गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं; इथे तसं काही नव्हतं. समोरच्याने स्वतः सांगितलं तरच नाव कळणार. त्यामुळे धुक्यातून एखादा कंदील तुमच्याकडे यायला लागला, तर तो खेळाडू आहे, की गेमनेच उभा केलेला कोणी गावकरी आहे, की आणखी काही, हे अगदी जवळ येईपर्यंत समजत नसे.

माझ्या कामाच्या सवयीने मी आधी चुका शोधल्या. एक सापडली. माणसाची सावली माणसाच्या जराशी मागे राहत होती. मी थांबले की ती एक पाऊल टाकून मग थांबायची. ही चूक होती की मुद्दाम केलेलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर मी खाली बघणं सोडलं.

जेवायच्या आधी आणखी थोडं म्हणून मी एका मनोऱ्यापाशी पोचले. आत एकट्याने जाता येत नव्हतं, पाच जणांचा गट लागत होता. दाराशी चार अनोळखी लोक थांबलेले होते, मी पाचवी झाले. त्यांतला एक ठेंगणा होता, त्याच्या कंदिलाला निळं फडकं बांधलेलं होतं. तो जखमा बऱ्या करणारा, म्हणजे लढणाऱ्यांच्या मागे राहून त्यांना जिवंत ठेवायचं काम करणारा. बोलणं सगळं टाइप करून, इंग्रजीत, तुटक. डावीकडे जा, थांबा, तेल वाचवा.

तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक दालन होतं. फरशीवर दोन्ही बाजूंना प्रेतं पडलेली. कोणी हलत नव्हतं. आमच्यातला तलवारवाला सरळ आत निघाला, तेवढ्यात गटाच्या चॅटमध्ये त्या ठेंगण्याची ओळ उमटली. अक्षरं रोमन, भाषा मराठी.

"आधी खडा. झोपमेले असतील."

लगेच त्याखाली इंग्रजीत, "सॉरी, चुकून इकडे आलं, मित्राला लिहीत होतो."

माझे हात तिथेच थांबले.

हा शब्द कोणत्या कोशात नाही. तो आमच्या घरात जन्मला. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसायची. खिडकीत कूलर घरघरायचा आणि त्याच्यासमोर आम्ही दोघं एका जुन्या, कोणाकडून तरी आणलेल्या कॉम्प्युटरवर खेळायचो. त्या गेममध्ये काही सैनिक मेल्यासारखे पडून असायचे आणि जवळ गेलं की उठायचे. आई आतून ओरडायची, "झोपा न मेल्यांनो." एकदा भावाने तोच शब्द उलटा केला आणि त्या सैनिकांना झोपमेले म्हणायला लागला. मग नियम झाला: झोपमेला दिसला की आधी खडा. लांबून दगड मारायचा. हलला तर जिवंत, नाही हलला तर खरंच मेलेला. हे आम्ही कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

कोणीतरी खडा मारला. दोन्ही बाजूंची प्रेतं उठली. मी तशीच उभी राहिले आणि पहिल्यांदा मीच पडले. स्क्रीन करडी झाली. मग निळं फडकं माझ्यावर वाकलं आणि मी उठले. मी टाइप केलं, "तू कोण आहेस?" पण लढाई चालू होती, ओळी भराभर वर सरकत होत्या. ती कोणी वाचली नाही. मनोरा संपला, सगळ्यांना धुक्यात बाहेर टाकलं गेलं आणि गट मोडला. मी चारी बाजूंना वळून पाहिलं. पाणी होतं आणि हातोड्याचा आवाज.

मी खाली गेले. नवरा गाडीच्या काचा पुसत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो पुण्याचा, कोणतीही गोष्ट आधी मोजून घेणारा.

"मराठी माणसाला कोणालाही सुचू शकतं हे," तो म्हणाला. "झोप आणि मेला. त्यात काय एवढं?"

"आणि आधी खडा?"

तो पुसायचा थांबला. "ते मात्र..." म्हणाला आणि फडकं पिळायला लागला. जरा वेळाने म्हणाला, "आईंना सांगू नकोस इतक्यात."

"नाही सांगत."

त्यानंतर रोज लंच ब्रेकमध्ये मी त्या मनोऱ्यापाशी जाऊन उभी राहायला लागले. एका हाताने वरणभात खायचा आणि दुसऱ्या हाताने पात्र दाराशी धरून ठेवायचं. नाव माहीत नसलेल्या माणसाला त्या गेममध्ये हाक मारायची काही सोय नव्हती. लोक यायचे, पाच झाले की आत जायचे. मला बोलवायचे, मी नको म्हणायची. एकाने इंग्रजीत विचारलं, तू खरी आहेस की गेममधली आहेस? मी लिहिलं, खरी आहे. तो म्हणाला, मग सारखी इथेच का उभी असतेस?

उभं राहून राहून मला वेगळीच भीती वाटायला लागली. समजा तो असला, आणि मी माझं नाव सांगितलं, तर? ज्याने एवढ्या वर्षांत फोन केला नाही तो लगेच लॉग आउट करेल आणि पुन्हा कधी त्या गेममध्ये पाय ठेवणार नाही. मग मी त्याला दोनदा घालवल्यासारखं होईल. नाव न सांगता नुसतं त्याच्याबरोबर खेळावं का? त्याने जखमा बऱ्या कराव्यात, मी पुढे उभं राहावं, आणि त्याला कधीच कळू नये? एका दुपारी मी खरोखरच तसं ठरवलं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणीतरी दोनदा विचारलं, "आर यू देअर?" आणि मला त्या प्रश्नाने दचकायला झालं.

नवऱ्याने एकदा वर येऊन माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. धुकं, पाणी, पाठमोरी उभी असलेली बाई.

"काही होतच नाहीये यात," तो म्हणाला.

"थांबावं लागतं."

"अगं, दुसऱ्या कोणत्या वेळी येत असेल तो. कॅलिफोर्नियात असेल, इंडियात असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं. जेव तरी नीट."

तो भेटला तो शुक्रवारी दुपारी, मनोऱ्यापाशी नाहीच. मी कंटाळून धक्क्यावर गेले होते, जिथून नाव सुटते. नावेत बसलं की पलीकडे पोचेपर्यंत काही करता येत नाही, नुसतं बसायचं. नाव निघाली आणि धुक्यातून धावत कोणीतरी शेवटच्या क्षणी उडी मारून चढलं. कंदिलाला निळं फडकं.

आम्ही दोघंच होतो. माझं ठरलेलं सगळं मी विसरले. मराठीतच, रोमन अक्षरांत लिहिलं, "झोपमेला हा शब्द तुम्हाला कुठून माहीत?"

ठेंगणा माझ्यासमोर बसून श्वास घेत होता. नाव पुढे जात होती. मग आलं, "एक रूममेट होता, तो म्हणायचा. का?"

म्हणजे हा तो नव्हता. मला वाटलं होतं की हे कळल्यावर काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. उलट मान पहिल्यांदा सैल पडली. मी विचारलं, "कुठे?"

"बंगलोर. सहासात वर्षं झाली." मग पुन्हा थांबून, "तुम्ही नागपूरच्या का?"

"हो."

"ताई का तुम्ही त्याच्या? नॉर्थ कॅरोलायनाच्या?"

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. भाऊ गेला तेव्हा मी न्यू जर्सीत होते. नॉर्थ कॅरोलायनाला आम्ही तो गेल्यावर आलो. हे भावाला कोणी सांगितलेलं असणं शक्य नव्हतं.

नाव पलीकडे लागली. मी उतरले नाही, तोही उतरला नाही. नाव आपोआप परत फिरली. त्या दोन फेऱ्यांत आम्ही एकमेकांना फोन नंबर दिले.

तो राहत होता न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला. सोलापूरचा मुलगा, इथे मास्टर्स करून नोकरीला लागलेला. फोनवर त्याचा आवाज ऐकला तेव्हा मला क्षणभर राग आला, तो परक्याचा आवाज होता म्हणून. तो थोडंफार बोलला आणि म्हणाला, "ताई, फोनवर नको. माझ्याकडे एक फोटोही आहे. पाठवू का?"

"पाठवू नका," मी म्हणाले. "मी येते."

का तसं म्हणाले, सांगता येणार नाही. फोटो किचनमध्ये उभ्याउभ्या, फोनवर वाजून येऊ नये असं वाटलं असावं. पुढच्या शनिवारी आम्ही पहाटे ड्राइव्ह करत निघालो. नवऱ्याने सुट्टीची दुसरी काहीतरी कामं होती ती कॅन्सल केली, मला न सांगता. व्हर्जिनियात पाऊस लागला. दुपारी डेलावेअरचा पूल ओलांडून आम्ही न्यू जर्सीत शिरलो.

त्याचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. दारात चपलांचा ढीग, आत फोडणीचा वास. तिशी ओलांडलेला, बुटका, दाढी राखलेला मुलगा. त्याने पोहे केले होते आणि आम्ही येणार म्हणून टेबलावरचा कॉम्प्युटर चादरीने झाकून ठेवला होता. मला वाकून नमस्कार करायला लागला, मी त्याला थांबवलं.

"तो दीड वर्ष माझा रूममेट होता," त्याने सांगायला सुरुवात केली. "लॅपटॉप रिपेअरच्या दुकानात काम करायचा. मी तेव्हा नवीन नोकरीत होतो, सारखा वैतागलेला. त्याने मला गेम शिकवले. जुने, फुकटातले. म्हणायचा, पुढे ताई उभी असली पाहिजे, आपण मागून खडे मारायचे."

"घरचं काही बोलायचा?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. विचारलं तर म्हणायचा, कोणी नाही. एकदा त्याला खूप ताप आला होता, तेव्हा म्हणाला की ताई आहे, अमेरिकेत आहे, आता नॉर्थ कॅरोलायनाला गेली. इंटरनेटवर बघायचा ताई तुम्हाला, नोकरीच्या त्या साइटवर. एकदा स्क्रीनकडे बघून म्हणाला, ताईने केस कापले."

मी केस कापले होते. नव्या नोकरीसाठी नवा फोटो टाकला होता, हे मला तिथे बसून आठवलं. मी तो फोटो टाकला तेव्हा आमच्या त्या वेळच्या घराच्या किचनमध्ये उभी होते आणि बंगलोरच्या कुठल्याशा खोलीत तो बघत होता. आम्ही इतकी वर्षं त्याला शोधत होतो आणि सगळा वेळ तो आमच्याकडे बघत होता. मला पाठीमागे बघावंसं वाटलं. मागे भिंत होती आणि तिला टेकवून ठेवलेली सायकल.

मग त्याने फोन पुढे केला. बंगलोरमधल्या एका इमारतीची गच्ची. दोरीवर कपडे वाळत घातलेले, प्लॅस्टिकची एक खुर्ची, चारपाच पोरं. भाऊ एका कडेला, अर्धा वळलेला, कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. अंगाने भरला होता. चष्मा होता. उभा होता तो अगदी वडील उभे राहत तसा, एक हात मागे कमरेवर ठेवून. आणि डोक्यावर केस नव्हते, नुसते खुंट, नुकते उगवत असलेले.

"हे केस?" मी विचारलं.

"ते मलाही नीट कळलं नाही कधी," मुलगा म्हणाला. "एक दिवस कामावरून आला तो टक्कल करून. आम्ही चेष्टा केली. म्हणाला, उवा झाल्या होत्या. त्या दिवशी जेवला नाही. पुढे दहाबारा दिवस गादीवर झोपला नाही, खाली फरशीवर चटई टाकायचा. म्हणायचा, पाठ दुखते."

"हे कधीचं?"

त्याने फोटोचा महिना सांगितला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वडील त्याच महिन्यात गेले होते.

मी रडले नाही. मला एवढंच दिसत होतं की नागपूरला आम्ही सगळे तेव्हा दाराकडे बघत बसलो होतो आणि तो तिकडे एकटा, कोणाला न सांगता, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सुतक पाळत होता. पोह्यांची बशी माझ्या हातात होती. त्या मुलाने ती हळूच काढून घेतली आणि चहा आणून दिला.

"मग गेला कुठे?"

"डोंगरात. उत्तराखंडला कुठेतरी, एका शाळेत कॉम्प्युटर बघायचं काम मिळालं म्हणाला. सकाळी चहा घेतला आणि बॅग उचलली. कीबोर्ड मला ठेवून गेला. चारसहा महिने कधीतरी मेसेज यायचा. मग नंबर बंद झाला." तो जरा थांबून म्हणाला, "ताई, त्या दुकानदाराला मी काल फोन केला होता. त्यालाही काही माहीत नाही. मला वाटलं, तुम्ही येण्याआधी काहीतरी हाती लागावं."

आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. निघताना त्याने फोटो माझ्या फोनवर पाठवला. जिन्यात तो म्हणाला, "तो वाईट नव्हता राहायला." त्याला आणखी काहीतरी म्हणायचं असावं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरले.

पुढे आम्ही त्या भागातल्या बऱ्याच शाळांना ईमेल केले, फोन केले. काहींनी उत्तर दिलं, नम्रपणे, की असं कोणी नाही. नवऱ्याने सुचवलं म्हणून मी नोकरीच्या साइटवरचा माझा फोटो बदलला नाही, आणि फोन नंबर व नवा पत्ता सगळ्यांना दिसेल असा लावला. अजून तरी कोणी आलेलं नाही. गेम मी महिनाभर आणखी खेळले, त्या सोलापूरच्या मुलाबरोबर. चांगला गेम आहे. पण धुक्यात कंदील दिसला की मी हातातलं सगळं सोडून त्याच्यामागे जायची, आणि तसं खेळता येत नाही. एक दिवस मी ते सबस्क्रिप्शन बंद केलं.

आईला सांगायचं राहिलं होतं. न्यू जर्सीहून परत आल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी मी फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"काय करून राहिली तू?" तिने नेहमीसारखं विचारलं.

मी सांगत गेले. गेमचं तिला कळणार नाही म्हणून नुसतं म्हटलं, त्याच्याबरोबर राहिलेला एक मुलगा इथे भेटला. कुकरची आणखी एक शिट्टी झाली आणि मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"फोटो आहे आई. पाठवू?"

"नको," ती म्हणाली. मग, "तू सांग. मी ऐकते."

मी फोन स्पीकरवर टाकला, फोटो उघडला आणि सांगायला लागले. गच्ची आहे. दोरीवर कपडे आहेत. त्याने निळसर शर्ट घातला आहे, बाह्या दुमडलेल्या. बारीक नाही, चांगला भरला आहे. हसतो आहे.

"चष्मा लागला का?"

"लागला."

"लागणारच. आपल्या घरात सगळ्यांनाच लागते." थोडं थांबून तिने विचारलं, "केस पिकले का?"

मग मला ते सांगावंच लागलं. महिना सांगितला, चटई सांगितली, उवा सांगितल्या. पलीकडे इतकी शांतता झाली की कॉल कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन पाहिली. सेकंद पुढे जात होते.

"म्हणजे केलं त्याने," आई म्हणाली.

"हो."

"एकट्याने."

"हो, आई."

ती म्हणाली, बरं, ठेवते, भात गार होतो.

फोटो तिने अजून मागितलेला नाही आणि मीही पाठवलेला नाही. पण दर रविवारी, इकडचं तिकडचं सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी ती त्यातलं काहीतरी एक विचारते. कधी पायांत काय घातलं आहे, कधी शेजारची पोरं कशी दिसतात. मी फोटो उघडून, मोठा करून, सांगते. गेल्या रविवारी तिने विचारलं, गच्चीवर ऊन होतं का? मी नीट पाहिलं. खुर्चीची सावली पडली होती.

होतं, मी म्हटलं.